६:४७ की ६:४९? स्पोर्ट्स कारच्या लॅप टाइमची तुलना कशी करावी

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. जर्मनीतील नुर्बुर्गरिंगच्या नोर्डश्लाइफ या ट्रॅकवर २०१७ साली पोर्श ९११ जीटी२ आरएसने ६ मिनिटे ४७.३ सेकंदांत फेरी पूर्ण केली आणि २०२२ साली ९११ जीटी३ आरएसला ६ मिनिटे ४९.३ सेकंद लागले. तेव्हा पाच वर्षांनंतर आलेली गाडी जुनीपेक्षा हळू निघाली असे समजायचे का, हा आपला पहिला प्रश्न. दुसरा घरगुती आहे. जानेवारीत आपण आणि आपले मेहुणे पुण्याहून आपापल्या गाड्या घेऊन चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जाणार आहात आणि कोणाची गाडी वेगवान हे वादाला जागा न ठेवता ठरवायचे आहे. ट्रॅकवर गाड्यांची माहिती नोंदवून तिचे विश्लेषण करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की हे दोन्ही प्रश्न एकाच जागी अडलेले आहेत. घड्याळाने दिलेला आकडा गाडी, टायर, चालक, हवा आणि मोजलेले अंतर या सगळ्यांचा मिळून असतो, आणि यादीत मात्र तो एकट्या गाडीच्या नावावर चढतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकतो. नाही, जीटी३ आरएस हळू निघाली नाही. ती जवळजवळ अडीच सेकंदांनी वेगवान ठरली. आपण पाहिलेल्या दोन वेळा दोन वेगवेगळ्या अंतरांच्या आहेत.

नोर्डश्लाइफची पूर्ण फेरी २०.८३२ किलोमीटरची आहे. परंतु कंपन्या आणि नियतकालिके यांनी कित्येक वर्षे जी वेळ मोजली ती सुमारे २०.६ किलोमीटरची होती, कारण घड्याळ टी१३ या प्रेक्षागाराच्या भागाच्या शेवटी सुरू केले जाई आणि फेरी मारून गाडी त्याच भागाच्या तोंडाशी आली की थांबवले जाई. मधला सुमारे २३२ मीटरचा तुकडा कोणाच्याच खात्यात जमा होत नसे. २०१९ पासून ट्रॅकच्या व्यवस्थापनाने अधिकृत विक्रमांसाठी नियम घालून दिले. त्यानुसार वेळ पूर्ण २०.८३२ किलोमीटरची नोंदवली जाते, गाडी आणि वेळ नोटरीच्या देखरेखीखाली तपासली जाते आणि गाड्यांचे वर्गही ठरवून दिलेले आहेत. जुन्या आकड्यांशी तुलना करता यावी म्हणून बऱ्याच कंपन्या २०.६ किलोमीटरची वेळही सोबत देतात. जीटी३ आरएसची ६:४९.३२८ ही वेळ पूर्ण अंतराची आहे, तर २०.६ किलोमीटरसाठी तिने ६:४४.८४८ एवढाच वेळ घेतला. जीटी२ आरएसची ६:४७.३ ही वेळ आखूड अंतराची आहे. म्हणजे तुलना ६:४४.८ आणि ६:४७.३ यांची करायला हवी.

असा घोटाळा एकाच जोडीपुरता नाही. होंडा सिव्हिक टाइप आरने २०१७ साली ७:४३.८ अशी वेळ दिली आणि तिच्या पुढच्या पिढीच्या गाडीने २०२३ साली ७:४४.८८१, यादी नुसती चाळणाऱ्याला वाटेल की होंडाचे अभियंते एका सेकंदाने मागे सरकले. इथेही पहिला आकडा आखूड फेरीचा आणि दुसरा पूर्ण फेरीचा आहे.

मग सरसकट साडेचार सेकंद वजा करून जुना आणि नवा आकडा जुळवता येईल का? वेगवान गाड्यांपुरते हे बऱ्यापैकी जमते. जीटी३ आरएसच्या दोन वेळांमधील फरक ४.४८ सेकंद आहे आणि २०२० च्या मर्सिडीज-एएमजी जीटी ब्लॅक सीरीजचा ४.४३ सेकंद (६:४३.६१६ आणि ६:४८.०४७). २३२ मीटरला हा वेळ लावून पाहिला तर त्या तुकड्यातील सरासरी वेग ताशी १८५ ते १९० किलोमीटर निघतो, आणि तो पटण्यासारखा आहे. पण २०१९ च्या रेनो मेगान आरएस ट्रॉफी-आरच्या दोन वेळा ७:४०.१ आणि ७:४५.३८९ आहेत, म्हणजे फरक जवळपास ५.३ सेकंदांचा. त्या तुकड्याच्या अलीकडे होहेनराइनची शिकेन (वेग कमी करायला लावणारी लागोपाठची उलटसुलट वळणे) आहे; तिथे सगळ्याच गाड्यांचा वेग उतरतो आणि बाहेर पडल्यावर ज्याचे इंजिन दमदार तो पुढचे अंतर लवकर कापतो. म्हणून वजाबाकीचा आकडा गाडीगणिक बदलतो, आणि निर्मात्याने दोन्ही वेळा दिल्या असतील तर अंदाजाने रूपांतर करण्यापेक्षा त्याच घ्याव्यात.

शिवाय तिसरे एक अंतर आहे आणि इंटरनेटवरचा सर्वांत जास्त गोंधळ त्याच्यामुळे होतो. सर्वसामान्य लोकांना पैसे भरून नोर्डश्लाइफवर गाडी चालवता येते, परंतु त्या दिवशी ट्रॅकवर येण्याची आणि बाहेर पडण्याची जागा ड्योटिंगर ह्योहे या लांब सरळ पट्ट्यावर असल्यामुळे सलग पूर्ण फेरी मारता येत नाही. हौशी चालक एका पुलापासून पुढच्या कमानीपर्यंतचे सुमारे १९.१ किलोमीटर मोजतात. गाडी पूर्ण वेगात धावू शकते असा सरळ पट्ट्याचा मोठा भाग त्यात गळून जातो. एखाद्या चित्रफितीत अमुक गाडीने साडेसात मिनिटांत फेरी मारली असे दिसले, तर आधी घड्याळ कुठे सुरू झाले आणि कुठे थांबले ते पाहावे. ते दिसत नसेल तर तो आकडा यादीत धरू नये.

आता अंतर सारखे केल्यावर उरलेल्या अडीच सेकंदांकडे येऊ, कारण अभियंत्याच्या दृष्टीने खरी गंमत तिथे आहे. जीटी२ आरएसमध्ये दोन टर्बो असलेले ७०० अश्वशक्तीचे इंजिन आहे आणि तिचा कमाल वेग ताशी ३४० किलोमीटर आहे. जीटी३ आरएसचे इंजिन टर्बोशिवायचे, ५२५ अश्वशक्तीचे, आणि कमाल वेग ताशी २९६ किलोमीटर. १७५ अश्वशक्ती कमी असूनही गाडी पुढे गेली, ती बरीचशी तिच्या पंखांमुळे तिला खाली दाबणाऱ्या हवेच्या बळावर. पोर्शच्या आकडेवारीनुसार जीटी३ आरएसवर ताशी २०० किलोमीटरला ४०९ किलो आणि ताशी २८५ किलोमीटरला ८६० किलो डाऊनफोर्स (हा खाली दाबणारा जोर) येतो. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी १०० किलोमीटरला तो शंभर किलोच्या आसपासच उरतो. साधारण साडेचौदाशे किलोच्या गाडीवर वरून चारशे किलो दाबले गेले तर टायरची पकड चांगलीच वाढते, आणि वजन मात्र वाढलेले नसते. खरेखुरे चारशे किलो सामान लादले असते तर ते वळणात बाहेर ढकलण्याचेही काम करते. अर्थात, टायर दाबाच्या सरळ प्रमाणात पकड देत नाही, काही हिस्सा वायाच जातो. तरीही ताशी दोनशेच्या वरच्या वळणांमध्ये हा फायदा अश्वशक्तीला भारी पडतो.

म्हणूनच अशा दोन गाड्यांच्या एकूण वेळेपेक्षा फेरीचे तुकडे पाडून पाहणे जास्त उद्बोधक असते. श्वेडेनक्रॉइत्झसारख्या अतिवेगवान वळणात आणि त्यानंतरच्या ब्रेकिंगमध्ये पंखांची गाडी कमावते. कारुसेल या काँक्रीटच्या खोलगट वळणात वेग इतका उतरलेला असतो की पंख जवळपास निरुपयोगी ठरतो आणि निलंबनाची (सस्पेन्शनची) घडण व टायर यांवर सगळे अवलंबून राहते. ड्योटिंगर ह्योहेच्या दोन किलोमीटरहून लांब सरळ पट्ट्यावर ७०० अश्वशक्ती आपला हिशेब चुकता करून घेते. जीटी३ आरएसमध्ये मागचा पंख सपाट करून हवेचा अडथळा कमी करण्याची सोय आहे, तीही हा तोटा पूर्ण भरून काढू शकत नाही. सारांश एका आकड्यात मावत नाही. हीच जोडी लहान, संथ वळणांच्या ट्रॅकवर नेली तर पंखांचे भांडवल बरेचसे पडून राहील आणि क्रम उलटूही शकेल.

आणि त्या अडीच सेकंदांचे सगळे श्रेय पंखाला देणेही बरोबर होणार नाही. २०१७ ची फेरी मिशेलिनच्या कप २ टायरवर झाली, २०२२ ची कप २ आर या त्याहून मऊ, ट्रॅकसाठीच्या टायरवर. चालकही वेगळे होते: आधी लार्स केर्न, नंतर यॉर्ग बेर्गमायस्टर. त्यातच २०२२ च्या त्या दिवशी ट्रॅक थंड होता आणि सरळ पट्ट्यावर वारा समोरून वाहत होता, म्हणजे नव्या गाडीला मदत करणाऱ्या गोष्टींबरोबर तिला मागे खेचणाऱ्याही होत्या. यातला कुठला घटक किती सेकंदांचा, हे दोन आकड्यांवरून सोडवता येत नाही. अनेक अज्ञात राशी आणि समीकरण एकच, अशी ती अवस्था आहे.

सुदैवाने जीटी२ आरएसच्या बाबतीत एक दुसरी नोंद आहे आणि माझ्या मते ती या सगळ्या यादीतील सर्वांत शिकण्यासारखी आहे. जून २०२१ मध्ये त्याच प्रकारची गाडी मांथाय या पोर्शशी जोडलेल्या शर्यतीच्या संघाने तयार केलेले आणि पोर्शकडून मिळणारे पंख व निलंबनाचे साहित्य लावून पुन्हा नोर्डश्लाइफवर आणली गेली. चालक तोच, लार्स केर्न; इंजिन तेच, ७०० अश्वशक्तीचे, त्याला हात लावलेला नव्हता; टायर मात्र कप २ आर. २०.६ किलोमीटरची वेळ आली ६:३८.८३५ आणि पूर्ण फेरीची ६:४३.३००. म्हणजे एकही अश्वशक्ती न वाढवता ८.४ सेकंद कमी झाले. आपला प्रश्न आता पुन्हा उघडा करून पाहा: साध्या जीटी२ आरएसपेक्षा जीटी३ आरएस अडीच सेकंदांनी पुढे आहे, आणि साहित्य लावलेली जीटी२ आरएस त्या जीटी३ आरएसच्या सहा सेकंद पुढे. दोन्ही वाक्ये खरी आहेत. “९११ जीटी२ आरएसची वेळ किती?” या प्रश्नाला मुळात एक उत्तर नाही.

हवामानाविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे, कारण आपल्याकडे त्याचा परिणाम युरोपपेक्षा जास्त जाणवतो. १० अंश सेल्सिअसची हवा ३५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे नऊ टक्के अधिक घन असते. टर्बो नसलेल्या इंजिनाला थंड हवेत त्याच प्रमाणात जास्त प्राणवायू मिळतो. टर्बो असलेले इंजिन दाब वाढवून बरीच भरपाई करते, परंतु उन्हात इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा गार करणारा भाग) तापला की तेही हात आखडते. हवा घन असली की पंखाचा दाब वाढतो आणि अडथळाही वाढतो. दुसरीकडे मऊ टायरला अंगात ऊब लागते. ब्लॅक सीरीजने आपली वेळ नोव्हेंबरमध्ये, हवा ७ अंशांवर आणि डांबर १० अंशांखाली असताना, ट्रॅकचे काही भाग नीट कोरडेही नसताना दिली, तेव्हा इंजिन खूश आणि टायर नाखूश अशी स्थिती असणार. मर्सिडीज-एएमजी वनचे उदाहरण त्याहून बोलके आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिने काही ठिकाणी ओलसर असलेल्या ट्रॅकवर ६:३५.१८३ अशी वेळ दिली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच मारो एंगेल या चालकाने तिच्याकडून ६:२९.०९० काढले. गाडी तीच, चालक तोच, अंतर तेच, आणि सहा सेकंदांचा फरक. (६:२९ म्हणजे एकवीस किलोमीटरभर ताशी सुमारे १९३ किलोमीटरची सरासरी; एवढ्या वळणांच्या डोंगरी रस्त्यावर. हा हिशेब मी जितक्या वेळा करतो तितक्या वेळा पुन्हा तपासून पाहतो.)

ट्रॅकही स्थिर राहत नाही. २०१५ च्या वसंतात फ्लुगप्लाट्झ येथे शर्यतीत झालेल्या अपघातात एका प्रेक्षकाचा जीव गेला, त्यानंतर काही भागांवर वेगमर्यादा आली आणि २०१६ मध्ये रस्त्याची डागडुजी व उंचवटे सपाट केल्यानंतरच ती उठली. त्यापूर्वीच्या आणि नंतरच्या वेळा एकाच रांगेत लावताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

चालकाचा वाटा किती, हे सांगताना निसान जीटी-आरचा जुना वाद आठवतो. २००८ साली निसानने ७:२९ अशी वेळ जाहीर केली. पोर्शच्या लोकांनी स्वतः एक जीटी-आर विकत घेऊन चालवली आणि आपल्याला ७:५४ च्या खाली जाता आले नाही असे सांगितले. पंचवीस सेकंद! त्यावर दोन्ही बाजूंनी टायर, गाडीची तयारी आणि चालकाची सवय यांवरून बरेच काथ्याकूट झाले. माझे मत असे की यात कोणाला खोटे ठरवण्याची गरज नव्हती. ज्याने ती गाडी महिनोन्महिने त्याच ट्रॅकवर घडवली तो माणूस आणि जो ती पहिल्यांदा हाती घेतो तो माणूस, यांच्यात वीस किलोमीटरच्या फेरीत मोठी तफावत पडणारच. म्हणूनच मी कंपन्यांच्या जाहीर वेळांपेक्षा जर्मनीतील ‘स्पोर्ट ऑटो’सारख्या नियतकालिकाच्या चाचण्यांना अधिक मान देतो: तिथे वर्षानुवर्षे आधी होर्स्ट फॉन सॉर्मा आणि नंतर ख्रिस्तियान गेबहार्ट असा एकेकच चालक निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्या चालवत आला. त्यांच्या वेळा कंपन्यांच्या वेळांहून सहसा जास्त असतात, परंतु त्यांची आपापसांत तुलना करता येते.

आता चेन्नईकडे वळू. मद्रास इंटरनॅशनल सर्किटची फेरी सुमारे ३.७ किलोमीटरची आहे, आणि आपल्यासारख्यांच्या गाड्या ती पावणेदोन ते दोन मिनिटांत पूर्ण करतील असे धरतो. नोर्डश्लाइफवरचे अडीच सेकंद म्हणजे एकूण वेळेच्या अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त; इथे तेवढेच प्रमाण जेमतेम पाऊण सेकंदाचे होते. हौशी चालकाच्या लागोपाठच्या दोन चांगल्या फेऱ्यांमध्येच याहून जास्त फरक पडतो. तेव्हा गाड्यांमधील फरक चालकाच्या चढउतारांपेक्षा मोठा असला तरच तो दिसेल, नाहीतर आपण एकमेकांचे चालकत्व मोजत बसाल.

यात मी स्वतः एकदा तोंडघशी पडलो आहे. याच ट्रॅकवर दोन गाड्यांची तुलना करताना मी सकाळी आठला पहिली गाडी चालवून घेतली, अकराला दुसरी, आणि पहिली ०.९ सेकंदांनी वेगवान असल्याचे लिहूनही टाकले. एका सहकाऱ्याने हट्ट धरला म्हणून साडेबाराला पहिली पुन्हा ट्रॅकवर सोडली, तर ती आपल्याच सकाळच्या वेळेपेक्षा १.१ सेकंदांनी हळू. डांबर तापले होते, टायर वापरलेले होते. अहवाल फाडावा लागला. तेव्हापासून पहिली, दुसरी आणि पुन्हा पहिली, असा क्रम मी मोडलेला नाही. पहिलीच्या दोन सत्रांची सरासरी काढून ती दुसरीशी ताडली की तापमान आणि टायरची झीज बरीचशी वजा होते.

आपणही तसेच करावे आणि शक्य तर दोघांनी दोन्ही गाड्या चालवाव्यात. विमा आणि नातेसंबंध दोन्ही सांभाळून, हे वेगळे सांगायला नको. चार जोड्या मिळाल्या की चालकाचा आणि गाडीचा वाटा बऱ्यापैकी अलग होतो. टायर एकाच प्रकारचे नसतील तर निकाल टायरचा असेल हे आधीच मान्य करावे. टाकीतील पेट्रोलही सारखे ठेवावे. चाळीस लिटरचा फरक म्हणजे तीस किलो. टायरमधील हवा थंड असताना न जुळवता, दोन जोरदार फेऱ्या मारून आल्यावर लगेच मोजून दोन्ही गाड्यांत त्यांच्या योग्य पातळीवर आणावी, कारण गरम झाल्यावर ती सहज पाच-सहा पीएसआयने चढते.

वेळ मोजायला मोबाइलवर विसंबू नये. मोबाइलचे जीपीएस बहुधा सेकंदाला एकदाच जागा सांगते, आणि ताशी २०० किलोमीटरला गाडी एका सेकंदात ५५ मीटर पुढे गेलेली असते. ट्रॅकवर ट्रान्सपाँडर (रेषा ओलांडताच ट्रॅकच्या घड्याळाला संकेत देणारे गाडीवरचे यंत्र) भाड्याने मिळत असेल तर तो घ्यावा, शिवाय सेकंदाला दहा ते पंचवीस वेळा नोंद करणारा जीपीएस लॉगर दोन्ही गाड्यांत लावावा. लॉगरचा उपयोग घड्याळापेक्षा मोठा आहे: दोन फेऱ्या अंतरानुसार एकमेकींवर ठेवल्या की कोणत्या मीटरला कोण किती पुढे होता याची रेषा मिळते. ती सरळ पट्ट्यावर हळूहळू कलत असेल तर तो इंजिनाचा आणि हवेच्या अडथळ्याचा फरक. वळणाच्या तोंडाशी एकदम उडी मारत असेल तर कोणीतरी ब्रेक लवकर दाबला. वळणाच्या मध्यावरचा किमान वेगच दर फेरीला कमी पडत असेल तर टायर किंवा निलंबन. ब्रेकचा धीर हा चालकाचा गुण आहे, म्हणून गाडीविषयी बोलताना मी तो भाग बाजूला ठेवतो.

प्रत्येक सत्रात दोन-तीन फेऱ्यांहून जास्त जोर लावू नये, आणि शेवटची फेरी ब्रेक गार करण्यासाठी सावकाश मारावी. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नये, गिअरमध्ये ठेवावी. परतीच्या वाटेला लागण्यापूर्वी टायर पूर्ण थंड होऊ द्यावेत आणि हवा पुन्हा कंपनीच्या आकड्यावर भरून घ्यावी, कारण ट्रॅकवर कमी केलेली हवा थंड झाल्यावर आणखी उतरते आणि तशा टायरवर चेन्नई ते पुणे हे हजार किलोमीटरहून जास्त अंतर महामार्गाच्या वेगाने कापणे ट्रॅकवरच्या कोणत्याही फेरीपेक्षा धोक्याचे आहे.